आनंदीबाईंचे तीन हिवाळे

सन १८८३ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या बंदराला एक आगबोट लागली. त्या बोटीतून लुगडे नेसलेली व कपाळी कुंकू लावलेली एक महाराष्ट्रीय तरुणी उतरली. तिचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. जवळ पती नव्हता, पिता नव्हता, भाऊ नव्हता. प्रवासात ओळखीच्या काही युरोपीय स्त्रियांची सोबत काय ती होती. वैद्यकशास्त्र शिकून डॉक्टर व्हावयाचे आणि मायदेशी परतून आपल्या भगिनींची सेवा करावयाची, या एकाच हेतूने ती साता समुद्रांपलीकडे आली होती. या तरुणीचे नाव आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंच्या धैर्याची कथा आजवर पुष्कळांनी सांगितली आहे. लोकनिंदा, एकटेपणा, परकी भाषा, अवघड अभ्यास या साऱ्यांशी त्या कशा झुंजल्या, हे त्या कथांतून आपण वाचतो. परंतु याहून एक साधी झुंज त्यांना रोज, सकाळी अंथरुणातून उठल्यापासून द्यावी लागली. ती होती अंगाची ऊब राखण्याची. मनुष्य बीडच्या उन्हात असो की बर्फाळ प्रदेशात असो, त्याच्या शरीराच्या आतील तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट, इतकेच राहावे लागते. ते ३५ अंशांच्या खाली गेले तर बुद्धीला जडपणा येऊ लागतो. ४० अंशांच्या वर चढून तेथेच राहिले तरी प्राणावर बेतते. इतक्या अरुंद वाटेवरून आपले शरीर जन्मभर चालत असते, आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते. आनंदीबाईंना ती जाणीव फार तीव्रतेने झाली.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. त्यांचे माहेर कल्याणचे व माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर होते, पत्नीहून वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते व टपाल खात्यात नोकरीस होते. स्वभावाने ते विक्षिप्त व तापट. परंतु बायकोला शिकवावयाचे हा त्यांचा ध्यास होता, आणि त्या काळी असा ध्यास घेणारा नवरा विरळाच. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा बदल्यांच्या गावी आनंदीबाईंचे शिक्षण चालू राहिले. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना पुत्र झाला. तो दहा दिवसच जगला. योग्य वैद्यकीय उपचार मिळाले असते तर मूल वाचते, हे शल्य त्या अल्पवयीन मातेच्या मनात रुतून बसले. स्त्रियांना पुरुष वैद्यासमोर जाण्याचा संकोच, आणि स्त्रीवैद्य तर देशात जवळजवळ नाहीच, अशी तेव्हाची स्थिती होती. आपणच डॉक्टर व्हावे, हा निश्चय त्या दुःखातून झाला.

पत्नीच्या शिक्षणासंबंधी गोपाळरावांनी अमेरिकेला पाठविलेले पत्र तेथील एका मिशनरी मासिकात छापले गेले. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई एकदा दंतवैद्याकडे आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. एका अनोळखी मुलीची ती तळमळ वाचून त्यांना राहवेना. त्यांनी पत्र लिहिले, आणि पुढे वर्षानुवर्षे पत्रे जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

या काळात जोशी दांपत्य कलकत्त्यास व नंतर जवळच श्रीरामपूर येथे राहत होते. हे श्रीरामपूर बंगालमधील, हुगळी नदीच्या काठचे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे. तेथे आनंदीबाईंची प्रकृती वारंवार बिघडू लागली. डोके दुखे, अशक्तपणा येई, ताप येई, कधी श्वास लागे. मावशींनी अमेरिकेहून औषधे धाडली, पण गुण आला नाही. बंगालची हवा दमट. मुलांनो, दमट हवेचा जाच तुम्हांला बीड जिल्ह्यात फारसा कळावयाचा नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो, परंतु हवा कोरडी असते. त्या हवेत रांजणाच्या बाहेरून पाझरलेले पाणी भराभर वाळते आणि वाळताना रांजणातील पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार राहते. आपले शरीर हेच करते. कातडीत लक्षावधी घर्मग्रंथी असतात. अंग तापले की त्या घाम बाहेर टाकतात, आणि एक लिटर घाम वाळताना अंगातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर नेतो. यातील महत्त्वाचा शब्द आहे वाळणे. दमट हवेत घाम अंगावरून नुसता ओघळतो, वाळत नाही; मग पाणी व मीठ तर शरीरातून जाते, पण गारवा मिळत नाही. म्हणून कलकत्त्याचा कमी अंशांचा उकाडाही आपल्या उन्हाळ्याइतकाच, किंबहुना अधिक, असह्य होतो. अशा हवेत थकलेले शरीर घेऊन आनंदीबाई पुढच्या प्रवासाला सिद्ध झाल्या.

स्त्रीने, त्यातही विवाहित हिंदू स्त्रीने, एकटीने समुद्र ओलांडावा ही कल्पनाच लोकांना सहन होण्यासारखी नव्हती. निंदेचा गदारोळ उठला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. आपण अमेरिकेस का जात आहोत, भारतात स्त्री-डॉक्टरांची निकड किती आहे, हे त्यांनी निर्भयपणे मांडले. आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाहीही त्यांनी त्या सभेत दिली. याचा व्यवहारातील अर्थ असा होता की, वेष आपलाच राहील व आहार शाकाहारीच राहील. त्या सभागृहातील उष्ण हवेत हे वचन देणे अवघड नव्हते. त्याची खरी किंमत पुढे फिलाडेल्फियात मोजावी लागली.

एप्रिलमध्ये त्यांनी कलकत्ता सोडले. उन्हाळ्याचे दिवस मावशींच्या घरी सुखाने गेले. नंतर फिलाडेल्फिया शहरातील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्या दाखल झाल्या. हे महाविद्यालय १८५० साली निघालेले. केवळ स्त्रियांना वैद्यक शिकविणाऱ्या जगातील पहिल्या संस्थांपैकी ते एक. तेथील प्रमुख रेचेल बॉडली या बाईंनी या विद्यार्थिनीकडे आस्थेने लक्ष दिले. शिशिर जवळ येऊ लागला.

फिलाडेल्फियाचा जानेवारी म्हणजे काय, याची कल्पना येण्यासाठी आपल्या बालाघाटावरील कडाक्याची पहाट आठवा. त्या पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, आणि आपण घोंगडी पांघरून शेकोटीभोवती बसतो. फिलाडेल्फियात तो वारंवार शून्याच्या, म्हणजे पाणी गोठण्याच्या बिंदूच्या, खाली जातो. रस्त्यांवर बर्फ साचते. अशा थंडीत आनंदीबाईंच्या वाट्याला जी खोली आली, तिच्यातील अग्निस्थान नीट चालत नव्हते. ते पेटविले की खोलीभर धूर कोंडे. विझविले की गारठा. धुरात बसून अभ्यास करावयाचा की थंडीत, एवढीच निवड उरे.

अशा खोलीत बसलेल्या माणसाच्या शरीरात काय घडते ते पाहू. कातडीला गारवा लागला की मज्जातंतू त्याची वार्ता मेंदूला पोचवितात. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे. त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. शरीराच्या तापमानाचा कारभार त्याच्याकडे असतो. त्याची पहिली आज्ञा सुटते ती कातडीतील रक्तवाहिन्यांना. त्या आकुंचन पावतात, हातापायांकडे जाणारे उबदार रक्त कमी होते व ते हृदय, फुप्फुसे, मेंदू यांच्याकडे राखून ठेवले जाते. दुष्काळात शहाणा कुणबी परसातली फुलझाडे सुकू देतो, पण गोठ्यातील जनावरांचे पाणी तोडत नाही, तसेच हे. बोटे बधिर होतात, ओठ काळेनिळे दिसतात. परंतु आतील ऊब टिकते. अंगावर काटा येतो तोही याच वेळी. केसाळ प्राण्यांना त्याचा उपयोग होतो, कारण उभ्या केसांत हवा अडकून ती पांघरुणासारखी काम करते. आपल्याला मात्र केसच थोडे, म्हणून आपला काटा बहुतांशी वायाच जातो.

एवढ्याने भागले नाही, तर स्नायूंना हुकूम होतो व अंग कापू लागते. थंडीने कापणे हा दुबळेपणा नव्हे. प्रत्येक स्नायू भराभर आखडून सैल होत असतो व त्यातून उष्णता निर्माण होत असते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात ८० ते १०० वॉटच्या जुन्या विजेच्या दिव्याइतकी उष्णता निघते. हुडहुडी भरली की ती काही पटींनी वाढते. पण ही उष्णता फुकट मिळत नाही. चुलीला जसे सरपण, तसे या कामाला अन्न लागते. थंडीत भूक वाढते ती यामुळेच. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, लोणी यांना मान असतो, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे हेच शहाणपण आहे.

आता आनंदीबाईंची अडचण ध्यानी येईल. त्यांनी शाकाहार सोडला नव्हता. शाकाहाराने ऊब मिळत नाही असे मुळीच नाही. परंतु परक्या गावी, जेथे बहुतेक जेवण मांसाचे व तऱ्हा सगळी अनोळखी, तेथे पोटभर व पुष्टिकारक शाकाहार मिळविणे कठीण होते. म्हणजे सरपण अपुरे. दुसरीकडे ऊब निसटून जाण्याच्या वाटा मात्र मोकळ्या होत्या. नऊवारी लुगडे आपल्या हवेला फार सोयीचे. पण त्यात पोटऱ्या व कमरेचा काही भाग उघडा राहतो. वस्त्र स्वतः ऊब निर्माण करीत नाही, ते फक्त अंगाभोवती हवेचा एक थर धरून ठेवते. आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे थरावर थर शिवलेले असतात आणि प्रत्येक दोन थरांमध्ये हवा असते. म्हणून ती उबदार. उघड्या पोटरीभोवती असा थर कोठून असणार? तेथील स्त्रियांप्रमाणे लोकरीचा लांब झगा घातला असता, तर प्रश्न सुटला असता. परंतु वेष न सोडण्याचे वचन दिलेले होते आणि गोपाळरावांचा कटाक्षही तोच होता.

आनंदीबाईंनी यातून जी वाट काढली, ती मला त्यांच्या सभेतील भाषणाइतकीच मोलाची वाटते. त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. या नेसण्यात पाय घोट्यांपर्यंत झाकले जातात व आतून परकरही घालता येतो. वेष भारतीयच राहिला, आणि ऊबही थोडी वाढली. एवढ्या लहानशा फरकाबद्दलही पतीचा रोष होईल अशी त्यांना धास्ती होती, म्हणून ती गोष्ट त्यांनी गोपाळरावांना लागलीच कळविली नाही. ज्या मुलीने साऱ्या समाजाला उत्तर दिले, तिला साडी कशी नेसावी याचा निर्णय मात्र गुपचूप घ्यावा लागला. त्या काळच्या स्त्रीजीवनाची ही दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे.

ऊब राखण्याचा झगडा केवळ जुन्या चरित्रांत असतो असे समजू नका. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पाचटाच्या कोपीत त्यांचा हिवाळा जातो. पहाटे दवाने भिजलेल्या उसात कोयता चालवावा लागतो, आणि ओले वस्त्र कोरड्या वस्त्रापेक्षा कितीतरी वेगाने अंगाची ऊब ओढून घेते. तुमच्यापैकी काहींना हे पुस्तकावाचूनही ठाऊक असेल.

आनंदीबाईंच्या महाविद्यालयात याच सुमारास शरीराच्या उष्णतेचे शास्त्र नव्या रूपात येत होते. त्यापूर्वी काही वर्षे वैद्यांची तापमापके हातभर लांब असत व नोंद येण्यास पाव तासाहून अधिक वेळ लागे. सन १८६६ च्या सुमारास इंग्लंडमधील डॉक्टर ऑलबट यांनी सहा इंचांचे तापमापक तयार करविले. त्यावर पाच मिनिटांत ताप कळू लागला. सन १८६८ मध्ये जर्मनीतील वुंडरलिश यांनी सुमारे २५,००० रोग्यांच्या तापमानाच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ताप हा स्वतंत्र रोग नसून रोगाचे लक्षण आहे, हे वैद्यांच्या मनावर बिंबविले. फ्रान्सचे क्लोद बर्नार यांनी मज्जातंतू रक्तवाहिन्यांना आकुंचित करतात हे दाखवून दिले होते. मेंदूच्या आतील एका भागाला इजा झाली की प्राण्याच्या अंगाची उष्णता वाढते, हे तर १८८४ च्या सुमारास खुद्द पेनसिल्व्हेनियातीलच आयझॅक ऑट या वैद्यकाने प्रयोगाने दाखविले. ज्या प्रांतात आनंदीबाई थंडीने कुडकुडत होत्या, त्याच प्रांतात त्या कुडकुडण्याच्या मुळाचा शोध चालला होता.

पहिला हिवाळा गेला, दुसराही गेला. अभ्यास चालूच होता. त्यांच्यासारख्याच दूरदेशीच्या विद्यार्थिनी तेथे होत्या. जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासमवेत काढलेले आनंदीबाईंचे १८८५ सालचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते. तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत. त्याच वर्षी गोपाळराव अमेरिकेस येऊन पोचले. परंतु तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत आनंदीबाईंची प्रकृती पार ढासळली होती. त्यांना क्षयाने ग्रासले होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. थंडीमुळे आनंदीबाईंना क्षय झाला, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. क्षय एका सूक्ष्म जंतूमुळे होतो, आणि तो जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेस निघण्याच्या आदल्याच वर्षी, जगापुढे आणला होता. मात्र शरीराची शिल्लक ऊब राखण्यातच खर्ची पडत असेल आणि पोटात पुरेसे अन्न जात नसेल, तर अशा जंतूशी लढण्याचे बळ त्याला कोठून येणार? अपुरे पोषण क्षयाला वाट करून देते, हे आज सर्वमान्य आहे.

क्षयात रोज सायंकाळी अंगात बारीक ताप भरतो. ताप म्हणजे तापमानाचा कारभार मोडणे नव्हे. कारभार चालूच असतो, फक्त त्याची खूण वर सरकलेली असते. जंतूंचा शिरकाव झाला की शरीरातील रक्षक पेशी काही द्रव्ये रक्तात सोडतात. त्यांच्या प्रभावाने हायपोथॅलॅमसला ३७ अंश कमी वाटू लागतात व तो ३८ किंवा ३९ अंशांचे उद्दिष्ट ठरवितो. म्हणून तापाच्या आरंभी, अंग गरम असतानाही, माणसाला थंडी वाजते व तो पांघरूण मागतो. खूण पुन्हा खाली आली की घाम फुटतो व ताप उतरतो. क्षयाच्या रोग्याला रात्री दरदरून घाम येतो तो यामुळे. हे चढणे-उतरणे महिनोन्‌महिने चालले की शरीराचे मांस झडते, कारण प्रत्येक अंश चढविण्यास सरपण लागतेच.

अशा प्रकृतीतही आनंदीबाईंनी अभ्यास अर्धा टाकला नाही. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला, आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना झाली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद त्यांना देऊ केले. ज्या कोल्हापुरात पूर्वी शिकणारी बायको म्हणून त्यांची टवाळी झाली होती, तेच कोल्हापूर आता त्यांना सन्मानाने बोलावीत होते.

ते पद त्यांना सांभाळता आले नाही. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस उतरल्या तेव्हा त्यांचे शरीर हाडांचा सापळा झाले होते. लोकांनी त्यांचे उदंड स्वागत केले. निंदा करणाऱ्यांपैकीही कित्येक पाहावयास आले. पुण्यास उपचार सुरू झाले. परंतु क्षयावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडावयास आणखी अर्धे शतक जावे लागणार होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाईंचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण व्हावयास एक महिना उरला होता. एकाही रोग्याला त्या कोल्हापूरच्या इस्पितळात तपासू शकल्या नाहीत.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेस मावशींकडे पाठविल्या. न्यूयॉर्क प्रांतातील पुकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, मावशींनी त्या घरच्या माणसाच्या म्हणून ठेविल्या. तेथे त्यांच्या नावाचा दगड आजही उभा आहे.